दसऱ्यानंतरची भुणभुण

"रविने, तुझा भुंगा आटप गो! डोकं उठवलंय त्यानं."

चंदूकाकांची हाळी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली तेव्हा रविना गायकर अजून स्कूटीवरच होती. तिने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि खाली उतरायच्या आधी कान दिला. काकांच्या दारातल्या खांबावर राखाडी रंगाचा कर्णा होता आणि त्या कर्ण्यातून एकसुरी आवाज गळत होता. हूंऽऽऽऽ. मध्ये श्वास नाही, उसंत नाही. कुणी तंबोऱ्याची एकच तार छेडावी आणि ती थांबायचं नावच घेऊ नये, तसा.

"आज कधीपासून हो काका?"

"तू ही पिपाणी लावलीस तवापासून!"

"खोटं नका बोलू. गणपतीत चांगली बोलत होती."

"बोलत होती. आता घसा बसलाय तिचा. सुंठ दे, मध दे." काका खाटेवरून तसूभरही हलले नाहीत. "आणि ऐक, त्या खालच्या डब्याला हात लावू नको. परवा मी पुसायला गेलो तर मुंग्या आल्या ना. पार कोपरापर्यंत."

"तुम्हाला कुणी पुसायला सांगितलं होतं?"

"माझ्या दारात हाय म्हणून पुसतो. शनवारपर्यंत पुसीन. मग तुझा तू खांब उपट आणि ने."

रविना हसली. काका थट्टेत बोलत असले तरी गावाने तसं खरंच ठरवलं होतं. शनिवारी सकाळी कर्ण्याची चाचणी. त्यात शब्द समजले तर कर्णा राहणार. नुसती भुणभुण झाली तर खांब निघणार. आणि आज गुरुवार.

हा कर्णा तिथे का आला, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी पाऊस ओसरताना एका संध्याकाळी कुठल्याशा कारखान्यातून उग्र वास सुटला होता. धोक्याचा भोंगा वाजला. भोंगा ऐकून अख्खी मोरिवली घराबाहेर पडली आणि निम्मं गाव नाल्याच्या दिशेने धावलं. वारा नेमका नाल्याकडूनच येत होता! धावणाऱ्यांत रविनाची आई होती. सगळे एकाच वेळी एकमेकांना फोन लावत होते, म्हणून कुणाचाच लागत नव्हता. आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. बरी झाली, पण जिना चढताना अजून मध्ये थांबते. त्या दवाखान्यात खोकता खोकता ती म्हणाली होती, "भोंगा काय, नुसता पळा म्हणतो. कुठं पळू, ते सांगायला माणूस नको?"

ते वाक्य रविनाच्या डोक्यात जाऊन बसलं. ती ज्या कंत्राटदाराकडे कामाला होती, त्याच्याकडे आसपासच्या कारखान्यांनी मिळून चालवलेल्या सुरक्षा कक्षाच्या केबली सांभाळायचं काम होतं. कक्षाने बोलणारा कर्णा बसवायचा विचार काढला मात्र, रविना हट्टाला पेटली. पहिला कर्णा मोरिवलीत! कक्षापासून गावापर्यंत केबल टाकायची म्हणजे रस्त्याच्या कडेने, नाल्याच्या पुलावरून आणि शेवटी लोकांच्या अंगणांतून चर खणायचा. ती दारोदार फिरली. "वहिनी, तुळस दोन हात सरकवते." "आत्या, फरशी मी स्वतः बसवून देते." गावाने तिच्या शब्दावर अंगणं खणू दिली. आता शनिवारी कर्णा भुणभुणला तर त्याच अंगणांतून तिला रोज येजा करायची होती.

तशी ही मुलगी लहानपणापासून आवाजवेडी. बापाचं भाताचं शेत होतं, तिथे आता कारखान्याची भिंत आहे. त्या भिंतीला कान लावून ही आत कुठलं मशीन चालू झालं ते सांगायची. शेजारणी म्हणायच्या, "पोरगी भिताडाशी बोलते, बघा काहीतरी." आयटीआय केलं आणि पहिली नोकरी लागली उल्हासनगरला, कॅम्पातल्या लछमनसाईंच्या दुकानात. माइकच्या वायरी सोल्डर करायच्या, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. एखादा ॲम्प्लिफायर आला की रविना लगेच पेचकस उचलायची, आणि साई तिच्या हातातून तो काढून घ्यायचे.

"अरे बाबा, पहले सुन तो सही, वो बोल क्या रहा है!"

"साई, वो तो खराब है. क्या बोलेगा?"

"खराब है तभी तो इतना बोल रहा है!"

तिथे तिचा कान तयार झाला. चर्र-चर्र आली तर कुठेतरी सांधा ढिला. टिकटिक आली तर शेजारी मोटर सुरू-बंद होतेय. आणि असा जाडजूड, सपाट हूंऽऽ आला तर घरातलं कुणी नाही, बाहेरची वीज आत शिरलीय.

बाहेरची वीज म्हणजे इथे कुठली, ते सांगायला रविनाने काकांसमोर बोट वर केलं. रस्त्याच्या कडेने हायटेन्शनची लाइन गेली होती, आणि तिच्या बरोबरीने जमिनीतून रविनाची केबल.

"ती वरची तार आहे ना काका, तिच्यातला करंट एका सेकंदात पन्नास हेलकावे खातो. तिच्याशेजारी दुसरी लांब तार ठेवली की तिच्यातही व्होल्टेज उगवतं. न शिवता."

"न शिवता?"

"न शिवता. जितकी लांब सोबत, तितकं जास्त."

"म्हणजे शेजारणीसारखंच की," काका म्हणाले. "तिच्या घरात भांडण, आपल्या घरात डोकेदुखी."

"अगदी तस्संच! पण आपण त्याची सोय केलेली आहे. म्हणून तर मला कळत नाहीये, हे आलं कुठून?"

सोय अशी, की केबलच्या आत बोलण्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात. बाहेरून धक्का आला तर दोघींना सारखाच बसतो. कर्ण्याला ऐकू येतो तो दोघींतला फरक. दोन बहिणींना एकाच वेळी सारखा चिमटा काढला तर तक्रार कोण कुणाची करणार? पण धक्का फारच मोठा असेल तर दोघींत थोडं उणं-अधिक होतंच, आणि तेवढ्यावरही कर्णा भुणभुणतो. म्हणून त्यांच्यावर धातूचा अंगरखा चढवलेला असतो. त्याला हे लोक शील्ड म्हणतात. एवढ्या लांब केबलीची शील्ड इथे दोन्ही टोकांना जमिनीत बांधलेली होती, मोरिवलीतही आणि कक्षातही. वरच्या तारेने जोर केला की शील्डमधून उलटा करंट वाहतो आणि आतल्या तारांवरचा बराचसा जोर मारून टाकतो. मात्र त्या करंटला जायला-यायला वाट हवी. एक टोक जमिनीपासून सुटलं की अंगरखा नुसता अंगावर, उपयोग काही नाही.

"म्हणजे काका, आधी तुमच्याकडचा अर्थिंगचा खड्डा बघायचा. पाणी घालत होतात ना त्यात? कोरडा पडला असेल तर—"

"कोरडा?" चंदूकाका पहिल्यांदाच खाटेवरून उठून बसले. "कोरडा म्हणतेस? चल, दाखवतो!"

घरामागे गेले तर खड्डा दिसेचना! त्याच्या चारी बाजूंनी अळू माजलं होतं. छत्रीएवढी पानं.

"तू बोललीस ना, रोज पाणी घाला? घातलं! गावात कुणाच्या दारात असं अळू नाय. सकाळीच फतफतं झालंय, थांब, वाटी देतो."

रविनाने अळूत हात घालून मीटरच्या तारा जोडल्या. जमीन ओलीगार, अर्थिंग झकास. इथे दोष नव्हता. तिने फतफत्याची वाटी चाटूनपुसून संपवली आणि सुयोगला फोन लावला.

सुयोग तिचा जोडीदार. बदलापूरचा, तोंडाने फटकळ आणि हाताने कामसू. तो नाल्याच्या पुलावर आला तेव्हा रविना आधीच कठड्याला लटकून जॉइंटचा डबा उघडत होती.

"काय मॅडम, सर्कस?"

"गप. हातमोजे घाल आणि बघ, शील्डचा सांधा सुटलाय का."

सुयोगने बघितलं, ओढून बघितलं, मीटर लावला. "टकाटक आहे. आपण केलेला जॉइंट आहे तो, कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही."

"पाणी?"

"थेंब नाही. पीळ जागेवर. रविना, आता लास्ट पॉइंट. कक्ष."

"कक्षातलं अर्थिंग परवाच तपासलंय. उत्तम आलं."

"मग काय, भूत आहे?"

"भूत असतं तर वेगवेगळ्या आवाजात ओरडलं असतं. हे रोज एकाच सुरात आहे." ती कठड्यावरून आत आली आणि हात झटकता झटकता थांबली. "सुयोग, गणपतीत नीट होतं. घटस्थापनेच्या आठवड्यात मी स्वतः ऐकून गेले, नीट होतं. काकांनी पहिली तक्रार कधी केली?"

"दसऱ्याचं सोनं द्यायला गेलो तेव्हा. सोनं घेतलं आणि शिव्या दिल्या."

"म्हणजे दसऱ्याच्या आसपास काहीतरी झालं."

"दसऱ्याला काय होणार? सुट्टी होती!"

दोघं स्कूटीवरून अंबरनाथ एमआयडीसीतल्या कक्षात आले. फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ, फाटकापाशी रिक्षांची रांग. कक्षात शिरलं की डोळे दिपायचे. तोंड दिसावं अशी लादी, पॅनेलच्या दारांवर हळदकुंकवाचे ठिपके, सुकून काड्या झालेली झेंडूची तोरणं. हे सगळं कौसाबाईंचं राज्य. बाई नगरकडच्या. कक्षाची साफसफाई त्यांच्याकडे, आणि कक्षातल्या वस्तूंची बडदास्तही त्यांच्याकडेच.

"पाय पुसून या गं. म्या आत्ताच पोतेरं फिरवलंय."

"मावशी, घाई आहे!"

"घाईला पाय न्हाईत व्हय?"

पाय पुसून दोघं आत गेले. कक्षाचे इंजिनिअर देवदत्त कुलकर्णी टेबलाशी कान लावून बसले होते. समोरच्या छोट्या स्पीकरमधून तोच हूंऽऽ. "तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "रविना, गावाकडचं?"

"खड्डा उत्तम, सर. पुलावरचा जॉइंट उत्तम. केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे."

"आणि आपल्याकडची अर्थिंगची पट्टीही उत्तम. सगळं उत्तम, आणि बोंब आहेच." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आपण एकेक वस्तू वेगळी तपासतोय. जरा उलटं करू. शील्डमधून करंट वाहतोय का, तेच बघू. एवढी हायटेन्शन शेजारी आहे, काहीतरी वाहायलाच हवा."

त्यांनी चिमट्यासारखा मीटर काढला आणि शील्डच्या वायरीभोवती अडकवला. तिघांनी एकदम मान घातली. मीटरवर शून्य.

"अरे!" सुयोग म्हणाला.

"वाहतच नाहीये," रविनाचा आवाज चढला. "सर, वाट कुठेतरी तुटलीय. गावाकडे नाही, पुलावर नाही. म्हणजे इथेच! या खोलीत!"

"पण बघ की," देवदत्त सरांनी टॉर्च मारला. "वायर पट्टीला बोल्टने घट्ट आवळलेली. हलवून बघ."

हलत नव्हती. भिंतीवरून गेलेली अर्थिंगची लांब पट्टी हिरवीगार चकाकत होती. तिच्यावर बोल्टही तसाच चकचकीत. कुणाला दाखवायला न्यावं असं काम. रविनाने हातमोजे चढवले, मीटरचं एक टोक वायरीच्या टोकाला लावलं, दुसरं पट्टीला. आकडा नाही. दोन आकडे उड्या मारून गेले, पुन्हा काही नाही.

"मीटरची लीड गेली वाटतं," सुयोग म्हणाला.

"आत्ता पुलावर चालत होती." रविनाने पट्टीवर टोक जोरात दाबलं. मग आणखी जोरात. मग टोचलं.

"आगं आगं आगं!" मागून कौसाबाई हातातला झाडू टाकून धावत आल्या. "टोचू नगंस! नवा रंग हाय!"

रविनाने मीटरचं टोक उचललं.

"कसला रंग, मावशी?" रविनाने अगदी हळू विचारलं.

"कसला म्हंजे? खंडेनवमीला दिला की! दरसाली नुसतं पुसून हळदकुंकू लावायची. औंदा बघितलं, पट्टीला गंजाचं ठिपकं. म्हनलं देवाची हत्यारं पुजायची आन् ही बिचारी गंजकी? सायबांस्नी इचारलं कुठला रंग, त्ये म्हनले हिरवा. चांगलं दोन हात दिलं!"

"मी म्हणालो होतो," देवदत्त सर हताशपणे म्हणाले. "मला वाटलं खिडकीला विचारतायत."

"खिडकीला हिरवा कोन देतं हो?"

"पण मावशी," रविनाने बोल्टाकडे बोट केलं, "रंग वरून दिलात ना? बोल्ट आवळलेला असताना, वरून?"

"वरनं कसा दीन? बोल्टाखाली गंज तसाच न्हाई ऱ्हाणार? ह्या सुयोग्याला म्हनलं, बाबा, एवढा नट काढ. त्यानं काढला, म्या रंगिवलं, वाळू दिलं, आन् त्यानं परत घट्ट बशिवला. गुनाचं लेकरू."

सगळ्यांच्या माना सुयोगकडे वळल्या. गुणाचं लेकरू लालबुंद झालं होतं.

"खंडेनवमीला आपण सगळीच हत्यारं पुजतो यार," तो पुटपुटला. "पेचकस, पाना... मावशी म्हणाली खोल, मी खोलला. तिने पेढा दिला. माझ्या डोक्यात आलंच नाही. काही बिघडवलं असतं तर लक्षात राहिलं असतं. आपण तर ते छान केलं होतं!"

आणि रविना हसत सुटली. गेले कितीतरी दिवस ती तुटलेलं, गंजलेलं, उंदराने कुरतडलेलं काहीतरी शोधत होती, आणि दोष त्या खोलीतल्या सगळ्यात सुंदर जागी दडून बसला होता. पट्टी उत्तम, कारण तपासणी तिच्या न रंगवलेल्या खालच्या टोकाशी झाली होती. वायर उत्तम, बोल्ट उत्तम. दोघांच्या मध्ये रंगाचे दोन हात. करंटला त्यातून वाट कुठली? गावाकडचं टोक जमिनीत, हे टोक लटकलेलं, आणि हायटेन्शनचा सगळा जोर आतल्या तारांवर. आता रंग काढला की भुणभुण थांबते का, एवढंच तिला बघायचं होतं.

"सुयोग, पॉलिश पेपर दे!"

"आता काय खरवडनार व्हय?" कौसाबाई पट्टीसमोर उभ्याच राहिल्या. "म्या सनावाराला उपाशी राहून रंगिवलंय ते."

रविना खाली बसली, बाईंचा हात हातात घेतला. "मावशी, गेल्या वर्षी वास सुटला तेव्हा माझी आई उलट्या बाजूला पळाली होती."

"ठावं हाय मला. म्या डबा घेऊन आल्ते की दवाखान्यात."

"त्या वेळी तिला कुठे पळायचं ते सांगणारा आवाज हवा होता. तो आवाज याच बोल्टाखालून जातो. तिथे मला रुपयाएवढी जागा उघडी हवी. फक्त रुपयाएवढी. लोखंडाला लोखंड भिडू दे. मग बोल्ट आवळला की वरून तुम्ही पुन्हा रंगवा, हवा तेवढा. उलट रंगवाच, म्हणजे गंज चढणार नाही."

"वरनं चालतंय?"

"वरून एकदम चालतंय."

कौसाबाईंनी पदर खोचला. "मंग आन त्यो कागूद हिकडं. तुला न्हाई जमायचं नीट गोल खरवडायला."

देवदत्त सरांनी स्पीकर बंद केला, शील्डला तात्पुरती दुसरी वायर जोडून सुरक्षित केलं, सुयोगने नट काढला आणि कौसाबाईंनी आपल्याच हाताने दिलेला रंग गोल-गोल घासून काढला. टिकलीसारखा चकचकीत धातू उघडा पडला. नट परत बसला. तात्पुरती वायर सुटली. सरांनी टेबलावरचा स्पीकर पुन्हा सुरू केला. तो गप्प.

इतका गप्प, की बाहेर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते त्यातला शब्दन् शब्द आत ऐकू आला. चिमट्याच्या मीटरवर आकडा उमटला होता आणि स्थिर उभा होता. करंटला वाट सापडली होती.

"येऽऽस!" सुयोगने उडी मारली. "मावशी, भूत उतरलं!"

"भूत मीच व्हते म्हना की," कौसाबाई म्हणाल्या आणि ब्रश शोधायला गेल्या.

शनिवारी सकाळी चंदूकाकांच्या दारात सगळी मोरिवली जमली. बायका ओट्यांवर, पुरुष गाड्यांना टेकून, रविनाची आई खुर्चीवर. कक्षातून देवदत्त सर बोलणार होते. खांबाखालच्या डब्यातला उलट बोलायचा फोन रविनाने हातात घेतला. मुंग्या आल्या नाहीत.

"ऐक गो," चंदूकाका खाटेवर आडवे होत म्हणाले. "तुझ्या सायबाला सांग, कागदावरचं वाचू नको. 'नागरिकांना सूचित करण्यात येते' ते आमचं पाठ हाय, भुणभुणीतून पण कळतं. काहीतरी वेगळं बोला. जे मला आधी ठाऊक नाय. ते कळलं तर मी मानीन."

"काका, हे ठरलं नव्हतं!"

"माझ्या दारात खांब हाय. मी ठरवतो."

ओट्यांवरून हशा आला, मानाही डोलल्या. रविनाने फोनमध्ये काकांची अट सांगितली, खाटेसकट. पलीकडून देवदत्त सर "अरे बापरे" एवढंच म्हणाले आणि लाइन ठेवली.

दहा वाजले. सगळ्यांच्या माना वर. कर्णा गप्प.

नुसता गप्प. हूं नाही, चूं नाही.

"मेला," चंदूकाका म्हणाले. "बंद पडला. आधी निदान भुणभुणत तरी होता."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "चला, भात लावायचाय." रविनाच्या आईने लेकीकडे बघितलं. रविनाचा कान कर्ण्याकडे होता आणि त्या शांततेत तिला अगदी बारीक, अगदी स्वच्छ काहीतरी ऐकू येत होतं. कुणीतरी श्वास घेत होतं. मग त्या कुणीतरी खाकरलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं.

"सायेब, हितं बोलायचं? ह्या जाळीत? बरं."

ओट्यावरच्या बायका दचकून उभ्या राहिल्या. आवाज थेट कानाशी!

"मोरिवलीकर, ऐका. म्या कौसाबाई बोलतीय, कक्षातनं. सायेब म्हनले, मनचं बोला. तर वारा आज टेकडीकडनं येतोय. खरोखर वास सुटला असता, तर टेकडीकडं जायचं न्हवतं, नाल्याकडं बी न्हाई, वास तिकडंच वाहत जाईल. शाळंच्या मैदानाकडं जायचं. म्हाताऱ्या मानसाला हात द्या. लेकरं कडंवर घ्या. गॅस बंद करा आन् निघा."

आवाज पुन्हा आला.

"आन् चंदूभाऊ, तुमी आडवं झालं असाल, तर पयलं त्या खाटंवरनं उठा!"

गल्ली फुटली! बायका पदराआड हसल्या, पुरुष टाळ्या पिटू लागले. रविनाची आई खुर्चीवरून उठली होती आणि, कुणी सांगितलं नसताना, शाळेच्या मैदानाच्या दिशेने दोन पावलं चाललीही होती. मग आपल्याशीच हसून थांबली. "बघ," ती लेकीला म्हणाली, "पाय आपोआप तिकडंच वळले."

रविनाने फोन चंदूकाकांपुढे धरला.

काका खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते. मग उठले. लुंगी सावरली, कर्ण्याकडे बघितलं, फोन हातात घेतला आणि हातभर अंतरावरून ओरडले, "कौसाबाई! उठलो गो, उठलो! मैदानाकडं जायचं ना?"

"व्हय. परत सांगू का?" कर्ण्यातून विचारणा झाली.

"नको, नको," चंदूकाका म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. "समजलं."